शिपायाचे दोनशे आणि बागायतदाराचं शून्य



वारणानगरला साखर कारखाना, दूध संघ, बँक, कॉलेज सगळं एकाच ठिकाणी आहे. अशा ठिकाणी महिना दहा हजारांवर पगार असलेल्या शिपायाचे व्यवसाय कराचे 200 रुपये दर महिन्याला कापले जातात, फेब्रुवारीत 300. मोठ्या साहेबाचेही तेवढेच! वर्षाला 2,500 च्या वर हा कर घ्यायचा नाही असं 1988 पासून घटनेतच लिहिलंय. आणि शेजारच्या बागायतदाराचा ऊस कितीही लाखांचा गेला, तरी शेतीच्या उत्पन्नावर आयकर शून्य.

व्यवसाय कर आपल्यासारख्यांसाठीच बसवला होता. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला गेली. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीला पैसा हवा, म्हणून 1975 च्या कायद्यानं हा कर आणला. जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची. हमीचा कायदा 1977 ला झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू. मुंबईचा पगारदार भरणार, गावचा मजूर काम मागणार. पगारदारांची मतं थोडी, गावाची जास्त, म्हणून जमलं. बागायतदारानंही हात वर केला, कारण पाझर तलाव अन् रस्ता त्याच्या बांधापर्यंत येत होता आणि खिसा दुसऱ्याचा होता.

मग उसाच्या उत्पन्नावर कर का नाही? मतं तर गरिबाचीच जास्त. गोम इथं आहे. एक एकरवाला आणि घरातल्या चार नावांवर पन्नास एकर करणारा, दोघंही "शेतकरी" म्हणून एकाच बाजूला मत देतात. कराचं नाव निघालं की वनपट्ट्यावर नाचणी पिकवणारा आपला माणूसही घाबरतो, उद्या माझ्यावर बसेल म्हणून. अरे बाबा, आयकराला असते तशी मर्यादा ठेवली तर तुझी नाचणी सात जन्मात तिथं पोचणार नाही. साबण, चप्पल, मोबाईलच्या रिचार्जवर तू आजही कर भरतोसच. तेव्हा कुणी तुला विचारलं?

शेतीच्या उत्पन्नावर कर बसवायचा अधिकार दिल्लीचा नाही, राज्याचा आहे. म्हणजे आपल्या आमदाराचा. पुढच्या निवडणुकीत वाडीवर जीप आली की रस्ता, समाजमंदिर यांच्या जोडीला हेही विचारा: मोठ्या बागायतीच्या उत्पन्नावर कर बसवणार का? तो पैसा वनहक्काच्या जमिनीवर बांधबंदिस्ती आणि विहिरीला देणार का? उत्तर ग्रामसभेच्या वहीत लिहा, खाली त्याची सही घ्या.