काविळीवर भुईआवळी: गुण नेमका कशाचा?

पावसाळा लागला की दोन गोष्टी हमखास उगवतात. कुंडीत आणि फुटपाथच्या फटीत भुईआवळी, आणि फॅमिली ग्रुपवर तिच्याबद्दलचा मेसेज: 'काविळीवर रामबाण, सात दिवसांत गुण, पुढे पाठवा.' घर नागपूरचं असो, इंदूरचं असो की हैदराबादचं, काविळीचं नाव निघालं की कुणीतरी मावशी किंवा काका सांगतातच, "आमच्या ओळखीत एक जण पाला देतात, शंभर टक्के गुण येतो."

आणि खरी गोष्ट अशी की त्यांच्या ओळखीतला पेशंट बहुतेक वेळा खरंच बरा झालेला असतो. मावशी खोटं बोलत नाहीत. मग पाल्यानेच गुण आला असं म्हणायचं का? या वेळी आपल्या सदरात हाच प्रश्न घेऊया, कारण याचं उत्तर चुकलं तर कधीकधी जिवावर बेततं.

ही भुईआवळी कोणती?

वीतभर उंचीचं साधं रोप. पानं आवळ्याच्या पानांसारखी बारीक, आणि फांदीच्या खालच्या बाजूला मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या हिरव्या गोळ्या ओळीने लटकलेल्या. आयुर्वेदात हिला भूम्यामलकी म्हणतात. शास्त्रीय नाव फायलँथस अमॅरस. हिच्यासारख्याच दिसणाऱ्या आणखी काही जाती आहेत आणि बाजारात, घरात त्या सगळ्या 'भुईआवळी' म्हणूनच चालतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कावीळ ही खूण आहे, आजार वेगळाच असतो

रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य वाढलं की डोळे, त्वचा आणि लघवी पिवळी दिसते. ते का वाढलं, याची कारणं मात्र अनेक. हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. बी आणि सी हे रक्तातून, वापरलेल्या सुईतून येतात. बी तर शारीरिक संबंधातून आणि आईकडून बाळालाही जातो. शिवाय पित्ताशयातला खडा, दारू, काही औषधं (क्षयरोगाच्या गोळ्यासुद्धा), लेप्टो, मलेरिया, यांतल्या कशानेही डोळे पिवळे होऊ शकतात.

म्हणजे 'काविळीचं औषध' हे शब्दच फसवे आहेत. 'तापाचं औषध' म्हटल्यावर आपण विचारतो ना, ताप कशाचा? तसंच इथेही विचारायला हवं.

शंभर पेशंट आणि साखरेचं पाणी

पावसाळ्यात मुलांना आणि तरुणांना होणारी कावीळ बऱ्याचदा हिपॅटायटिस ए ची असते. हा आजार थकवतो, पण बहुतेक जण काही आठवड्यांत ते दोनेक महिन्यांत पूर्ण बरे होतात. शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला हटवते आणि यकृत स्वतःची झीज स्वतः भरून काढतं. त्यासाठी विषाणू मारणारं वेगळं औषध द्यावं लागत नाही.

आता कल्पना करा. अशा शंभर पेशंटना भुईआवळी दिली. जवळजवळ सगळे बरे झाले. दुसऱ्या शंभर जणांना नुसतं साखरेचं पाणी दिलं. तेही जवळजवळ सगळे बरे झाले! मग पहिल्या गटातलं श्रेय पाल्याला द्यायचं का?

त्यामुळे 'अमक्याला गुण आला' या अनुभवावरून काहीच सिद्ध होत नाही. औषध घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी करावी लागते. भुईआवळीच्या बाबतीत अशी तुलना खरंच झालेली आहे.

मद्रासच्या प्रयोगाची गोष्ट

हिपॅटायटिस बी च्या विषाणूचा माग लावणारे अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणूनच तो जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. त्यांचं लक्ष भारतातल्या या छोट्याशा रोपाकडे गेलं. १९८७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या वनस्पतीचा अर्क प्रयोगशाळेत बी च्या विषाणूला अडवतो. वुडचक नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्याला अशाच विषाणूची लागण होते, त्याच्यावरही परिणाम दिसला.

मग १९८८ मध्ये मद्रासच्या डॉ. एस. पी. त्यागराजन आणि ब्लूमबर्ग यांच्या गटाचा अभ्यास 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी ठाण मांडून बसला होता, अशांपैकी काहींना तीस दिवस भुईआवळीची पावडर दिली आणि काहींना दिसायला तशीच, पण औषध नसलेली पावडर. पंधरा-वीस दिवसांनी रक्त तपासलं. भुईआवळी घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली होती. दुसऱ्या गटात २३ पैकी फक्त एकाची.

५९ टक्के विरुद्ध ४ टक्के! जगभर खळबळ उडणं साहजिकच होतं.

पण विज्ञानात एका निकालावर काम संपत नाही. दुसऱ्यांनी तोच प्रयोग केला तर तेच दिसायला हवं. थायलंडमध्ये तो करून पाहिला तेव्हा विषाणू गेला नाही. इतर ठिकाणचे निकालही तसे आले नाहीत. २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या भुईआवळीचा हिपॅटायटिस बी वर उपयोग होतो, असा पटण्याजोगा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला.

यातून कुणाची फजिती झाली, असं समजू नका. शंका घेऊन पुन्हा तपासणं हाच तर औषध शोधण्याचा रस्ता आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना मात्र फक्त पहिला भाग माहीत असतो.

काचेच्या बशीत चालतं, शरीरात का नाही?

'अमुक अर्काने विषाणू मेला' अशा बातम्या आपण कोरोनाच्या काळात रोज वाचल्या. त्यातले बरेच प्रयोग प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचे असतात. बशीत विषाणू साबणानेही मरतो, ब्लीचनेही मरतो. म्हणून ते आपण पीत नाही.

अर्क तोंडाने घेतला की तो पोटात पचतो, आतड्यातून थोडाच शोषला जातो, यकृत त्याची मोडतोड करतं. जिथे विषाणू आहे तिथे पुरेसा पोहोचतोच असं नाही. त्यात रोपाची जात, माती, ऋतू, वाळवण्याची पद्धत बदलली की आतली द्रव्यंही बदलतात. एका कुंडीतली भुईआवळी दुसऱ्या कुंडीसारखी असेलच, याची खात्री कोण देणार?

मग वनस्पती निरुपयोगी का? अजिबात नाही

पुलावात घालतो ते चक्रीफूल घ्या. त्यातून शिकिमिक आम्ल मिळतं. त्यावर कारखान्यात अनेक रासायनिक प्रक्रिया करून ओसेल्टामिविर, म्हणजेच टॅमीफ्लू हे फ्लूचं औषध बनवलं गेलं. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा याच गोळ्यांसाठी लोकांची धावपळ चालली होती.

पण म्हणून चक्रीफूल चघळलं तर फ्लू जातो का? नाही. शिकिमिक आम्ल हा कच्चा माल आहे, औषध नाही. कापूस आणि साडी यांत जेवढं अंतर, तेवढंच इथे आहे.

"पण झाडपाल्याने अपाय तर होत नाही ना?"

हे वाक्य सगळ्यात धोक्याचं. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल घेतली गेली असेल, असं सांगितलं. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशाच ४३ पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. वाद बाजूला ठेवला तरी आपल्यापुरता धडा स्पष्ट आहे. वेल खरी की तिच्यासारखी दिसणारी, हे घरात ओळखता येत नाही. आणि यकृत आधीच सुजलेलं असताना प्रयोगाला जागा नसते.

पाला घेत थांबलो तर काय जातं?

बहुतेकदा काहीच जात नाही, म्हणूनच सवय पक्की होते. पण काही वेळा फार मोठी किंमत मोजावी लागते.

लेप्टोची कावीळ असेल तर अँटिबायोटिक वेळेवर लागतात. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला ताप आणि कावीळ झाली, तर पाल्याच्या सात दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत मृत्यू होऊ शकतात.

आणि हिपॅटायटिस बी? डोळ्यांचा पिवळेपणा जातो, 'गुण आला' म्हणून सगळे निर्धास्त होतात. पण काहींच्या शरीरात विषाणू मुक्कामाला राहतो आणि वर्षानुवर्षांनी सिरोसिस किंवा यकृताचा कॅन्सर घेऊन समोर येतो. आज बी ला काबूत ठेवणाऱ्या गोळ्या आहेत आणि सी तर साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण जातो. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून यांची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांवर मोफत आहेत.

घरात कुणाला कावीळ झाली तर

* आधी डॉक्टर आणि रक्ततपासणी. यकृताच्या चाचण्यांबरोबर कावीळ ए, बी, सी की ई, हेही विचारा.
* पेशंट गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल, उलट्या थांबत नसतील, कुठून रक्त येत असेल, पोट फुगलं असेल किंवा पेशंट गरोदर असेल, तर थेट हॉस्पिटल.
* काढा, पाला, चूर्ण काहीही घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.
* तापासाठी पॅरासिटामॉलही मनाने घेऊ नका. दारू पूर्ण बंद.
* काविळीत उसाचा रस द्यायचाच असेल तर गाडीवरचा बर्फ घातलेला नको. दूषित बर्फ आणि पाण्यातूनच ए आणि ई पसरतात.
* घरात सगळ्यांनी पाणी उकळून प्यावं आणि शौचानंतर व जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.
* बाळाला हिपॅटायटिस बी ची लस जन्मल्यापासून २४ तासांत मिळाली का, हे नक्की पाहा.

आणि मावशींना काय सांगायचं? त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काळजी वाटते म्हणून त्या सांगतात. "मावशी, पाल्याचं नंतर बघू. आधी कावीळ कशाची आहे ते रिपोर्टमध्ये येऊ दे," एवढं पुरतं. रिपोर्ट साधा निघाला तर विश्रांती आणि वरण-भात आहेच. साधा निघाला नाही, तर वाचलेले ते सात दिवस फार मोलाचे असतात.