भाविकांच्याच वाट्याला का?



काही प्रश्न असे असतात की ते विचारायला शिकलेले असावे लागत नाही. "देव दयाळू आहे ना, मग त्याचे नाव घेणाऱ्यालाच तो का रडवतो?" हा त्यातलाच एक. मोठमोठ्या पंडितांनी त्यावर ग्रंथ लिहिले. आमच्या शिंदखेड्याकडची एखादी म्हातारी माय पदराने डोळे पुसत तोच प्रश्न अहिराणीत तीन शब्दांत विचारते, "देवले दिसत नही?" प्रश्न दोन्हीकडे सारखाच अवघड आहे.

सप्तशृंगीदेवी ही आम्हा खानदेशच्या लोकांची माय. चैत्रात उन्हाचा तडाखा असतो, तरी आमच्याकडून माणसे पायी गडावर जातात. २००८ च्या जानेवारीत याच गडाच्या घाटात भाविकांची बस दरीत कोसळली आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. त्याआधी तीन वर्षे, २५ जानेवारी २००५ ला, शाकंभरी पौर्णिमेच्या दिवशी वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. सुमारे तीनशे जीव गेले. ही माणसे कोणाचे घर लुटायला निघाली नव्हती. आईला भेटायला निघाली होती. मग आईने हात का नाही दिला?

अशा वेळी आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात.

पहिले, पूर्वजन्मीचे कर्म. हे उत्तर हलके नाही हे मी मान्य करतो. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप येतो का, याची चर्चाच आहे. 'वैषम्य' आणि 'नैर्घृण्य' असे त्यासाठी शब्द आहेत. ज्याचे त्याचे कर्म पाहून ईश्वर फळ देतो, म्हणून हे दोष त्याला लागत नाहीत, असे शंकराचार्य आपल्या भाष्यात सांगतात. तत्त्वज्ञान म्हणून हे आपल्या जागी ठीक. माणसाने स्वतःच्या वागणुकीला लगाम घालण्यासाठी ते वापरले तर उत्तमच. पण आपण ते वापरतो कुठे? दुसऱ्याच्या घरी, त्याच्या खाटेशेजारी बसून!

दुसरे उत्तर, देव परीक्षा घेतो. आता परीक्षेच्या बाबतीत मला थोडे बोलायचा अधिकार आहे. उभा जन्म पेपर काढण्यात आणि तपासण्यात गेला. परीक्षेला आधी अभ्यासक्रम असतो. मूल ज्या इयत्तेत आहे त्याच इयत्तेचा पेपर त्याला द्यावा लागतो. निकाल लागतो, चूक कुठे झाली ते दाखवता येते. मांढरदेवीच्या पायऱ्यांवर आईच्या कडेवरचे पोर चिरडले असेल, तर त्याची ही कोणती परीक्षा? आणि त्याची नसून त्याच्या आईची म्हणाल, तर एकाची परीक्षा घ्यायला दुसऱ्याचा जीव घेणारा परीक्षक मला तरी मान्य होणार नाही. माझा देव माझ्या शाळेतल्या साध्या मास्तरापेक्षा कमी न्यायी असेल, असे मी का मानू?

या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. देवाला वाचवण्याच्या घाईत आपण दुःखी माणसालाच आरोपी करून टाकतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या पत्नीने चाळीस वर्षे एकादशी मोडली नाही. शेवटच्या आजारपणात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. त्यात आमच्या नात्यातलेच एकजण म्हणाले, "मागचं काही राहिलं असेल, ते फेडून टाकायचं." त्यांचा हेतू वाईट नव्हता. ती काही बोलली नाही. सुनेला हाक मारून त्यांना चहा द्यायला सांगितला. रात्री मात्र मला म्हणाली, "मनं काय चुकनं?" दुखण्याबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती. या वाक्यानंतर मात्र ती रोज स्वतःच्या आयुष्यात चूक शोधू लागली. लग्नापासूनचे एकेक आठवायची. शेवटचे चार महिने तिचे त्यातच गेले. आजार औषधाने थोडातरी आटोक्यात येत होता, या वाक्यावर औषध नव्हते.

त्याच दिवसांत शेजारच्या एक बाई रोज संध्याकाळी येत. काही न बोलता चार कळण्याच्या भाकरी थापून, तिचे केस विंचरून जात. त्यांनी देवाबद्दल एक अक्षर काढले नाही. त्या आल्या की तिचा चेहरा निवळायचा.

मोठ्या माणसांनाही हा मोह सुटत नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, हजारो लोक मेले. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यता पाप आहे यात रवींद्रनाथ ठाकुरांचे दुमत नव्हते. तरीही त्यांनी या म्हणण्याला जाहीर विरोध केला. गांधीजींचा मोठेपणा असा की त्यांनी तो विरोध आपल्याच 'हरिजन'मध्ये छापला. पण या वादात मी रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. मेलेल्यांत अस्पृश्यही होतेच की! त्यांना कशाची शिक्षा?

मग देवाकडे कोणता प्रश्न घेऊन जायचे? मला वाटते आधी आपल्या प्रश्नाचीच विभागणी करावी. भाविकांची पुष्कळशी दुःखे देवाने पाठवलेली नसतात, माणसांनी केलेली असतात. मांढरदेवीला वाट अरुंद होती, नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, गर्दीला आवर नव्हता. यातले देवीने काय केले?

आणि चोखोबांचे पाहा. त्यांच्याइतका निष्ठावंत भक्त कोण? पण देवळात पाऊल टाकायची बंदी! शेवटी मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर राबताना भिंत अंगावर कोसळून ते गेले. साल १३३८ मानतात. त्यांची समाधी पंढरपुरात देवळाच्या महाद्वारासमोर आहे, म्हणजे मेल्यावरही बाहेरच. विठ्ठलाने त्यांना आत का घेतले नाही, असे विचारणे सोपे आहे. दार तर माणसांनीच लावले होते. ते उघडले १९४७ साली, तेही उपोषणाला बसल्यावर. मे महिन्यात कित्येक दिवस उपाशी राहून ते उघडायला लावणारे साने गुरुजी म्हणजे आमच्या शेजारच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले एक मास्तर. चोखोबांच्या दुःखाचे कारण शोधत बसण्यापेक्षा त्यांनी ते दार गाठले. मला यात देवाचे उत्तर दिसते. सहाशे वर्षे उशिरा आले, हेही खरे. पण उशीर कोणी केला?

आता उरतात ती दुसरी दुःखे. असाध्य आजार, दुष्काळ, तान्ह्या मुलाचा मृत्यू. तिथे माणसाकडेही बोट दाखवता येत नाही. देहूच्या तुकोबांच्या घरात पिढ्यानपिढ्या विठ्ठलाची भक्ती होती. १६३० च्या दुष्काळात व्यापार बुडाला, थोरली बायको रखुमाबाई उपासमारीने गेली, मुलगा संतूही गेला. तुकोबांनी पुढे एका अभंगात हे सारे बरेच झाले, त्यानेच मी देवाकडे वळलो, अशा अर्थाचे म्हटले आहे. कीर्तनात यावर नेहमी निरूपण होते. पण लक्षात घ्या, ते तुकोबा स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणाले. त्यांना तो अधिकार होता. दुष्काळातून पोळलेल्या शेजाऱ्याला "बरे झाले हो तुमचे" असे ते सांगत फिरले नाहीत. उलट, लोकांकडून येणे असलेल्या पैशांची कागदपत्रे होती, त्यातली आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे चरित्रकार सांगतात. ज्याचे स्वतःचे घर दुष्काळाने रिकामे केले, त्याने इतरांच्या डोक्यावरचे ओझे उतरवले!

माझे म्हणणे एवढेच. आपल्या दुःखाचा अर्थ आपण लावावा, लागला तर. दुसऱ्याच्या दुःखाला आपला अर्थ चिकटवू नये. दुःखाने कळवळून कोणी देवावर चिडला तर त्याला अडवूही नये. जनाबाईने साक्षात विठ्ठलाला शिव्या घातल्या आहेत आणि आपण त्या भक्तीने गातो. भांडण होते ते आपल्याच माणसाशी. देवाशी भांडणाऱ्याची श्रद्धा गेली, असे समजायचे कारण नाही.

कोणी म्हणेल, गुरुजी, मूळ प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही. खरे आहे, निष्पाप माणसाला असाध्य आजार का होतो याचे उत्तर मला मिळालेले नाही, आणि ज्यांनी छातीठोकपणे दिले त्यांचे मला पटलेले नाही. तरी देवघरातला दिवा मी रोज लावतो. एकादशीही करतो, तिची राहिली म्हणून नव्हे, मला करावीशी वाटते म्हणून.

नात्यातली मंडळी हे वाचतात म्हणून एक सांगणे. कोणाच्या आजारपणाला भेटायला जाल तेव्हा कर्माचा हिशेब घरी ठेवून जा. डबा न्या. रात्री दवाखान्यात थांबायला कोणी हवे का, ते विचारा. आणि काही सुचले नाही तर गप्प बसा, ते चालते.

असो. बरेच लिहिले. तुमचे मत वेगळे असेल तर तेही ऐकायला आवडेल.