लाल चहा, आपलीच अंबाडी

जर्मनीतला मसालेदार ‘फळांचा चहा’ आपला चहा समजून प्यायला तर घोर निराशा होते. गरम, आंबट सरबत समजून प्यायला तर मजा येते. खोक्यावर छापलेल्या बाकीच्या आश्वासनांकडे खुशाल काणाडोळा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेक श्टुटगार्टला असते. तिकडे थंडी पडू लागली की सफरचंद, संत्र्याची साल, दालचिनी आणि लवंग घातलेला हा चहा दुकानोदुकानी दिसतो. दिवाळीला येताना तिनं एक खोकं आणलं. माझं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे आधी एक पुडी फाडून ताटलीत ओतली. वाळक्या सफरचंदाचे तुकडे, संत्रासालीचा चुरा, रानगुलाबाच्या फळांची साल, दालचिनीचे कपटे, आणि सगळ्यांत जास्त काय, तर गर्द लाल तुकडे. एक तोंडात टाकला आणि लातूरच्या माणसाला ओळख पटायला वेळ लागला नाही. लाल अंबाडीची बोंडं! कपातला रंग तिचा, आंबटपणाही तिचाच. सफरचंद बहुधा नावापुरतं. त्याचा वास बऱ्याचदा वरून घातलेल्या फ्लेवरचा असतो, म्हणून घटकांची यादी वाचूनच पैसे मोजावेत.

पाणी खळखळून उकळलेलं हवं आणि कप झाकून सात-आठ मिनिटं ठेवायला हवा. चहापत्ती इतका वेळ ठेवली तर कडूजहर होईल. यात चहाचं पानच नसल्यानं ती भीती नाही. आधी नाकाला दालचिनी जाणवते, मग जीभ आंबते आणि शेवटी लवंग घशाला ऊब देते. गुळाचा लहानसा खडा टाकला की चव जुळून येते. दूध मात्र अजिबात नको. आमच्या ह्यांनी सवयीनं ओतलं आणि कपात लगेच गुठळ्या झाल्या. आम्लानं दूध फाटायचंच. नातवंडांना गंमत दाखवायची असेल तर चिमूटभर खायचा सोडा टाका. लाल रंग निळसर-जांभळा होतो.

या पेयाचा खरा गुण एकच, त्यात कॅफिन नाही. पत्तीच्या एका कप चहात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्यातलं निम्मं शरीराबाहेर पडायला सरासरी 5 तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं. मग झोप येत नाही म्हणून कुरकुर कशाला? तरीही ‘हर्बल’ हा शब्द दिसला की निर्धास्त होऊ नये. दक्षिण अमेरिकेतल्या येर्बा माटेच्या पानांत कॅफिन चांगलंच असतं.

‘डिटॉक्स’च्या गप्पांवर तर विश्वासच ठेवू नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज फुकटात करतात. काही मिश्रणांत ज्येष्ठमध असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी ते रोज पिऊ नये. आणि आंबट पेय दिवसभर घोटघोट पीत बसलं तर दातांचं एनॅमल झिजतं, हे खोक्यावर कुणी लिहीत नाही.

युरोपात जाणारी ही बोंडं सुदान, इजिप्तसारख्या देशांतून येतात. इजिप्तमध्ये ‘कर्कदे’ म्हणून हेच पेय गरम आणि गार दोन्ही पितात. आपल्याकडे मराठवाड्यात, विदर्भात अंबाडी बांधावर वाढते. कण्या घालून, वरून लसणाची फोडणी देऊन केलेल्या भाजीपुरती तिची आठवण होते. बोंडांची चटणी करणारी घरं कमी होत चालली आहेत. पापड-कुरडयांच्या गर्दीत धडपडणाऱ्या बचत गटांनी हा धंदा जरूर करून बघावा. बोंडातली बी काढायची, वरची लाल साल सावलीत कडकडीत वाळवायची, दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घालून पुड्या भरायच्या. त्याला परदेशी यंत्र लागत नाही.

सकाळचा आल्याचा, दुधाचा चहा मी सोडणार नाही, तुम्हीही सोडू नका. संध्याकाळी सहानंतर मात्र हा लाल कप घ्या, आणि त्यातली अंबाडी आपल्याच शिवारातली असू द्या.