सुरमेदानीत काय आहे?

ईदच्या सुट्टीनंतर शाळा उघडते, तेव्हा पहिलीच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या डोळ्यांत अजून सुरमा असतो. पाहून मन प्रसन्न होते. यंदा मात्र पालकसभेत मी सुरम्याचाच विषय काढला आणि एक दादी नाराज झाल्या. म्हणाल्या, "टीचर, आमच्या अम्मीने लावला, मी माझ्या लेकरांना लावला, कुणाचं काय बिघडलं? आणि ही तर सुन्नत आहे."

दादींचे दोन्ही मुद्दे रास्त आहेत, म्हणून त्यांचे उत्तर नीट द्यायला हवे.

आधी सुन्नतची गोष्ट. हदीसमध्ये ज्या सुरम्याची तारीफ आली आहे, तो 'इस्मिद'. त्याचा अर्थ साधारणपणे अँटिमनीचा दगड असा केला जातो. आज बाजारात मिळणारा पुष्कळसा सुरमा मात्र गॅलेना नावाच्या खनिजाचा असतो. तोही तसाच काळा आणि चमकदार. पण गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक. शुद्ध गॅलेनात वजनाच्या सुमारे ८६ टक्के शिसेच असते. 'इस्मिद' असे छापलेल्या सुरम्यातही तपासणीत शिसे सापडले आहे. नाव सुन्नतचे आणि डबीत जहर, असा हा मामला आहे. नुसते पाहून किंवा वास घेऊन ते ओळखता येत नाही.

आता दुसरा मुद्दा. कुणाचे काय बिघडले, हे आपण मोजले कधी? शिशाचे नुकसान तापासारखे दिसत नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत, दातांत साठवते. ते मेंदूपर्यंतही पोहोचते. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. आणि सुरमा काही डोळ्यांतच राहत नाही. मूल डोळे चोळते, तेच बोट तोंडात घालते.

शिसे फार झाले तर पोट दुखते, बद्धकोष्ठ होते, रक्त कमी होते. थोडे असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. पण लक्ष टिकत नाही, पाठ केलेले विसरते, चिडचिड वाढते. वर्गात आपण अशा मुलाला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो. अभ्यासात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलामागे शिसेच असते, असे मी म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे आहे. मेंदूचे झालेले नुकसान सहसा भरून येत नाही, म्हणून आधीच जपायचे.

शिसे घरात येण्याच्या वाटा आणखीही आहेत. आपल्यातले बरेच भाऊ भंगाराच्या धंद्यात आहेत. गाडीची जुनी बॅटरी फोडली किंवा वितळवली, की शिशाची धूळ कपड्यांवर, चपलांवर बसून घरी येते आणि अब्बांच्या मांडीवर बसणाऱ्या लेकराला लागते. हे काम घरात किंवा अंगणात कधीच करू नये. कामाचे कपडे बाहेरच बदलावेत, अंघोळ करून मगच मुलांना जवळ घ्यावे आणि ते कपडे वेगळे धुवावेत. कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले असू शकते. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही ठिकाणी शिशाचा रंग लावतात. फार चकाकणारी, सुटी हळद टाळा. जुन्या रंगाचे पोपडे मुलांच्या हाती लागू देऊ नका.

बहिणींनो, तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालू नका. गरोदर बाईनेही लावू नये, कारण आईच्या रक्तातले शिसे पोटातल्या बाळापर्यंत जाते. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते. म्हणून नाचणी, दूध, डाळी, पालेभाज्या आणि सोबत लिंबू द्या. शंका वाटली तर डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. घरगुती उतारे करत बसू नका.

स्वतःला इजा करू नये आणि दुसऱ्यालाही करू नये, हा आपल्या दीनचा उसूल आहे. औलाद तर अल्लाहची अमानत.

सभा संपल्यावर दादी जवळ आल्या. "मग ईदला पोराला काय लावू?" मी म्हटले, "गुसल द्या, स्वच्छ कपडे घाला, अत्तर लावा, नमाजला जाण्याआधी खजूर खाऊ घाला. सुन्नती पुष्कळ आहेत, दादी." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सुरमेदानी माझ्या अम्मीची आहे, ती टाकणार नाही. आतला सुरमा मात्र टाकते."