खाट कुठे मिळेल, आणि लागेलच का?

८ जुलै १९९२. पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती म्हणून त्याला कोलकात्याला नेलं आणि तिथे त्याची एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फरफट सुरू झाली. कुठे खाट रिकामी नव्हती, कुठे मेंदूच्या उपचारांची व्यवस्था नव्हती. अखेर तो एका खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च करून वाचला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली आणि बजावलं, की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार नाकारणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. त्याच निकालात एक अगदी व्यवहारी सूचनाही होती: कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे लगेच कळावं यासाठी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारा.

या निकालाला तीस वर्षं होत आली. तरी ग्रामीण रुग्णालयाच्या दारात आजही ‘इथं होणार नाही, पुढं घेऊन जा’ हे वाक्य ऐकू येतं. नातेवाइकांच्या हातात रेफरची चिठ्ठी पडते. पुढच्या रुग्णालयाचं नाव तिच्यावर असतं. तिथल्या कोणत्या डॉक्टरशी बोलणं झालं, खाट राखून ठेवली का, हे बहुतेकदा नसतं. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावताहेत, त्यांत डॉक्टरही असतो. म्हणजे वाहनाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. रुग्णाला नेमकं कुठे न्यायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

तो सुटू शकतो हे मुंबईने २०२० मध्ये दाखवून दिलं. करोनाच्या पहिल्या लाटेत महापालिकेने शहराच्या २४ वॉर्डांत एकेक वॉर रूम उघडली. चाचणीचा अहवाल आधी महापालिकेकडे येई आणि वॉर्डातून रुग्णाला फोन जाई. वय किती, धाप लागते का, मधुमेह आहे का, घरात स्वतंत्र खोली आहे का, हे विचारून कुणाला घरीच ठेवायचं, कुणाला करोना केंद्रात न्यायचं आणि कुणाला थेट अतिदक्षता विभागात पाठवायचं ते ठरे. खाटांचा हिशेब एका जागी असे. एप्रिल २०२१ च्या लाटेत हीसुद्धा यंत्रणा अपुरी पडली आणि व्हेंटिलेटरच्या खाटेसाठी लोकांनी तासन्‌तास वाट पाहिली, हे विसरता येणार नाही. पण खाट ओळखीवर किंवा पैशांवर न देता प्रकृती पाहून द्यायची, हे तत्त्व एवढ्या मोठ्या शहरात राबवता आलं. साथ ओसरली आणि ही घडी मोडली. ती प्रत्येक जिल्ह्यात कायमची हवी होती. हृदयविकाराचा झटका, सर्पदंश आणि अडलेलं बाळंतपण यांना साथीची वाट पाहावी लागत नाही.

खाट मिळवून देणं ही मात्र अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी अधिक महत्त्वाची आहे: ती लागूच नये यासाठी आधी काय केलं?

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. रुग्णालयाने सांगितलं, की बरेच रुग्ण बाहेरून अखेरच्या अवस्थेत आले होते. या खुलाशावर तेव्हा संताप उसळला आणि तो रास्त होता. मनुष्यबळाचे आणि औषधांचे प्रश्न त्याने झाकले जात नाहीत. तरीही तो खुलासा खरा मानला तर पुढचा प्रश्न आणखी बोचतो: ती बालकं अखेरच्या अवस्थेपर्यंत पोचेतो गावपातळीवर कोणाच्या नजरेला काहीच कसं पडलं नाही?

नजरेला पडू शकतं, हे गडचिरोलीत सिद्ध झालेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, त्याला ऊब द्यायची आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन घरीच द्यायचं. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले आणि पुढे आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी देशभर याच धर्तीवर सुरू झाल्या. आज आशाताईंना मानधनासाठी पुन्हा पुन्हा आझाद मैदान गाठावं लागतं. ज्या बाईच्या घरभेटीमुळे अतिदक्षता विभागातली एक पेटी रिकामी राहते, तिचा मोबदला थकवणं हा राज्याने स्वतःचाच करून घेतलेला तोटा आहे.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम तर अजून साधं आणि अजून थक्क करणारं. १९७६ मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट दगावत. गंभीर रुग्णांपैकी तीस-चाळीस टक्के वाचत नसत. दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे हातपाय आणि काही तासांत फुफ्फुसात पाणी. बावस्कर या रुग्णांच्या उशाशी रात्रभर बसले, नाडी आणि रक्तदाब लिहीत राहिले. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी त्यांनी दिली. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. इथे मोठं यंत्र नव्हतं, की शहरातला विशेषज्ञ नव्हता. आरोग्य केंद्राच्या कपाटात एक स्वस्त गोळी होती आणि ती कधी द्यायची हे जाणणारा डॉक्टर तिथे हजर होता. गोळी वेळेत पोटात गेली की महाडहून मुंबईची धावपळ टळत होती.

विंचू क्वचित चावतो. रक्तदाब, मधुमेह आणि दमा घरोघरी आहेत. दम्याचाच मासला पाहा. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत मराठी घरांत घट्ट बसली आहे. म्हणून रोज ओढायचा पंप बंद होतो, थंडीत धाप लागते, रात्री रुग्णालयात नेऊन वाफ देतात, बरं वाटतं, सकाळी घरी. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. त्या रात्रीच्या गर्दीत पंप ओढून दाखव, असं रुग्णाला सांगायला कुणाला सवड नसते. अनेकांचं औषध घशातच बसतं, फुफ्फुसात जात नाही, हे त्यामुळे कळतच नाही. रक्तदाबाचंही असंच. केंद्र सरकारच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून आहेत. एकच ठरलेली उपचारपद्धती, महिन्याच्या गोळ्या एकदम हातात आणि न आलेल्या रुग्णाला फोन, एवढंच त्याचं सूत्र. हे सूत्र औषधसाठ्यावर उभं आहे. महिनाभर गोळी नाही मिळाली तर अर्धांगवायूचा रुग्ण खाटेवर येतो. राज्याची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडून काढून २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाकडे दिली गेली. त्या प्राधिकरणाची खरी परीक्षा उपकेंद्राच्या कपाटात आहे.

पैशांची वाट मात्र उलट्या दिशेने जाते. आरोग्यविम्याच्या व्याख्येत दाखल होणं म्हणजे, काही अपवाद वगळता, किमान सलग २४ तास खाटेवर राहणं. बाहेरच्या तपासणीचे आणि गोळ्यांचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. मग ‘एक दिवस अॅडमिट दाखवा, क्लेम बसवू’ असा आग्रह कधी घरचे धरतात, कधी रुग्णालय सुचवतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला, तो स्वागतार्हच. पण तीही मुख्यतः दाखल झालेल्याचीच योजना आहे. मधुमेहीचा पाय कापण्याचा खर्च मिळतो, पाय वाचवणाऱ्या नियमित तपासणीचा मिळत नाही. याच वाटेवरचं सगळ्यात विदारक दृश्य बीडमध्ये दिसलं. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर गोळ्या आणि विश्रांती मिळायला हवी होती, तिथे अनेकींना खाट आणि टाके मिळाले.

इथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. ‘टाळता येण्याजोगी भरती’ हा शब्दप्रयोग दारात आलेल्या रुग्णाला परत पाठवण्याचं निमित्त होऊ नये. एकटी राहणारी सत्तरीची आजी तापाने फणफणून आली, तर पुस्तकातल्या निकषांत बसत नसली तरी तिला ठेवून घ्यावंच लागेल. भरती टाळायची ती दाराबाहेर, आठवडे आणि महिने आधी. दारात आलेल्या माणसाला आधी तपासायचं आणि पैशांचं नंतर बोलायचं, यात तडजोड नको.

प्रत्येक जिल्ह्याचे पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत रस्त्यांचा आणि इमारतींचा आढावा घेतात. त्यांनी दर बैठकीत आरोग्य अधिकाऱ्यांना तीन आकडे विचारावेत: रेफर केलेल्यांपैकी किती जणांची खाट निघण्याआधी पक्की झाली होती, सुट्टी मिळालेल्यांपैकी किती जण महिन्याभरात परत दाखल झाले, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या किती केंद्रांत किती दिवस संपलेल्या होत्या. हे आकडे वर्तमानपत्रांनी छापावेत, आणि ते मिळत नसतील तर वाचकांनी आपल्या आमदाराकडे मागावेत.