आकाशातील वाटा आणि खालची माणसे

विमानतळाभोवतीचे हवाई मार्ग आखणे हे तज्ज्ञांचे काम, त्यात नागरिकांनी पडू नये, अशी समजूत रूढ आहे. अमेरिकेतील फिनिक्स शहराने तिला न्यायालयात आव्हान दिले.

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमान प्रशासनाने तेथील स्काय हार्बर विमानतळाचे मार्ग बदलले. पूर्वी निघालेली विमाने काहीशी विखुरत जात; आता उपग्रहाच्या साह्याने ती एकाच अरुंद रेषेवरून एकामागून एक जाऊ लागली. अशा आखणीने इंधन वाचते आणि नियंत्रकाचा भार हलका होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाचलेले इंधन कंपनीच्या ताळेबंदात दिसते. रेषेखालच्या घरातील गोंगाटाची नोंद कोणत्याच खतावणीत होत नाही. आगगाडीच्या ठिणग्यांनी जळणाऱ्या रानाची भरपाई कोण देणार, हा पिगूने १९२० साली मांडलेला प्रश्नच येथे आकाशात गेला आहे.

प्रशासन गोंगाट मोजते तो वर्षाच्या सरासरीने. ६५ डेसिबलची मर्यादा ओलांडली नाही, तर त्रास सहसा लक्षणीय मानला जात नाही. रात्रीच्या विमानाला हिशेबात दहा डेसिबल अधिक धरतात, एवढीच काय ती दया! पहाटे पाळीवर जाणाऱ्याची झोप मात्र एकेका विमानाने मोडते.

ऑगस्ट २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने हा निर्णय मनमानी ठरवला. प्रशासनाने सल्लामसलत केली होती ती शहराच्या विमानतळ विभागातील कनिष्ठ कर्मचाऱ्यांशी! पुढे २०१८ मध्ये पश्चिमेकडील उड्डाणे जुन्या मार्गांच्या जवळपास नेण्यात आली. मात्र दाद मागणारे होते खुद्द शहर आणि तेथील ऐतिहासिक वस्त्यांच्या संघटना. वकील देण्याची ऐपत नसलेल्या वस्तीवर ती रेषा आली असती, तर हा निकाल लागला असता काय?

नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. एका महानगराच्या आकाशात आता दोन विमानतळांचे मार्ग बसवावयाचे आहेत, आणि मुंबईच्या जुन्या विमानतळावर उतरणारी विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या कष्टकरी वस्त्यांवरून येतात. मार्गांत कोणताही बदल करण्यापूर्वी त्याचे नकाशे मराठीत, वॉर्डावॉर्डांत लावण्यात यावेत. आणि एका रात्रीत किती विमाने, किती उंचीवरून, किती वाजता जाणार, हे त्यांवर लिहिलेले असावे.