फुलं गळाली म्हणून वेल उपटू नका

काकडीच्या वेलावर पिवळी फुलं येतात, गळतात, पुन्हा येतात, पुन्हा गळतात. आठवडाभर हे पाहिलं की लोक कंटाळतात आणि वेल उपटून टाकतात. कृपा करून घाई करू नका. काकडीला आधी नर फुलं येतात, ती गळणारच. मादी फुलं मागाहून येतात. मादी फुलाच्या पाठीशी इवलीशी, लवदार काकडी असते, त्यामुळे ते चटकन ओळखू येतं.

एका फुलातले पराग दुसऱ्या फुलात नेण्याचं काम मधमाश्यांचं. म्हणून वेल फुलावर असताना कीटकनाशक मारू नका. उंचावरच्या गॅलरीत माशी फिरकत नसेल, तर सकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. काही दिवसांत काकडी फुगू लागली की जमलं म्हणायचं.

लागवड जानेवारी-फेब्रुवारीत किंवा जून-जुलैत करा. फूटभर खोल कुंडी, निम्मं शेणखत, भरपूर ऊन आणि चढायला दोरी, एवढं पुरतं. बियाणं राहुरी कृषी विद्यापीठाच्या ‘हिमांगी’चं किंवा दापोलीच्या ‘शीतल’चं मिळालं तर उत्तम.

काकडीनं अमुक रोग बरा होतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिच्यात 95 टक्के पाणी असतं आणि 100 ग्रॅममागे जेमतेम 15 कॅलरी. उन्हाळ्यात तेवढंच फार मोलाचं आहे. तंतू आणि ‘के’ जीवनसत्त्व सालीत जास्त, तेव्हा घरची कोवळी काकडी नुसती धुऊन सालासकट खा. कोशिंबिरीसाठी चोचवलेली काकडी पिळून पाणी मोरीत ओतण्याची सवयही सोडा; त्याच पाण्यात थालीपिठाचं पीठ भिजवा.

पाण्याचा ताण पडला की काकडी कडवट होते, म्हणून पाणी नियमित द्या. कडवटपणा देठाकडे आणि सालीखाली अधिक असतो. देठाकडचा तुकडा आधी चाखून पाहा. अख्खी काकडीच कडूजहर लागली तर ती टाकून द्या, मीठ-लिंबू लावून पोटात ढकलू नका.

पेरणीपासून साधारण दीड महिन्यात तोडणी सुरू होते. मग एक दिवसाआड मांडवाखाली वाकून नीट पाहत जा, कारण पानाआड काकडी हमखास लपते. एखादी जून होऊन पिवळी पडली तरी वेल सगळी ताकद तिच्या बियांत घालतो आणि नवी फळं धरेनाशी होतात. घरात खपत नसेल तर शेजारी द्या, पण काकडी कोवळी असतानाच तोडा.